आईच्या उजव्या हाताला पहाटे मुंग्या : मनगट, मान, साखर की आणखी काही?

खाडीकाठ (देवगड तालुका)

आईचं वय ५१. काजू कारखान्यात बी फोडायच्या मशीनवर बसते, हंगामात दिवसाला सात-आठ तास. दोन महिन्यांपासून उजव्या हाताला मुंग्या येतात. पहाटे तीन-साडेतीनला जाग येते, हात झाडला की पाच-दहा मिनिटांत थांबतं. दिवसा भाकरी थापताना आणि विळीवर नारळ खोवताना परत सुरू होतं. गेले चार-पाच दिवस डाव्या हातालाही थोडं जाणवतंय. डायबेटीस ७ वर्षं. मेटफॉर्मिन ५०० दिवसातून दोनदा आणि ग्लिमेपिराइड १ चालू आहे. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) पाच महिन्यांपूर्वी ८.१ होतं.

गावातल्या डॉक्टरांनी बी१२ची ५ इंजेक्शनं लिहून दिलीत, अजून एकही घेतलेलं नाही. शेजारी म्हणतात वात आहे, मामा म्हणतात मानेचा मणका, आणि एका काकीने "वारं जाण्याआधी (लकव्याआधी) असंच होतं" म्हणून सगळ्यांना घाबरवून ठेवलंय. इंजेक्शनं सुरू करावीत का? पहिल्यांदा कुठल्या डॉक्टरांना दाखवायचं? आणि काकी म्हणते तशी घाई नेमकी कधी करायची?

मनगट (फिजिओथेरपी, कुडाळ)

आधी एक काम करा. वहीच्या कोऱ्या पानावर आईंचा हात ठेवून बोटांभोवती पेन्सिल फिरवा, एक चित्र तळहाताचं आणि एक पाठच्या बाजूचं. पहाटे जाग आली की मुंग्या नेमक्या जिथे आहेत तिथे त्यांनाच रंगवायला सांगा. सकाळी आठवून नको, कारण तोपर्यंत "अख्ख्या हाताला" असंच उत्तर येतं. निम्मं निदान करंगळीवर ठरतं.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची अर्धी बाजू रंगली आणि करंगळी कोरी राहिली, तर मनगटातल्या बोगद्यात मीडियन नस दाबली जातेय, म्हणजे कार्पल टनेल. त्यात अंगठ्याच्या मुळाशी असलेली तळहाताची कातडी सहसा बधिर होत नाही, कारण तिची फांदी बोगद्यात न शिरता वरून जाते. तीही बधिर असेल तर दाब मनगटाच्या वर कुठेतरी शोधायचा.

करंगळी आणि अनामिकेची तिच्याकडची अर्धी बाजू रंगली तर ती अल्नर नस. ही कोपराच्या आतल्या बाजूने जाते. कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ती हीच. कोपर दुमडून तासन् तास फोन कानाला लावणारे, उशीखाली हात दुमडून झोपणारे आणि टेबलावर कोपर टेकून बसणारे लोक यात सापडतात. रात्री कोपराभोवती जुना टॉवेल सैलसर गुंडाळून बांधला, म्हणजे कोपर पुरतं दुमडत नाही, तर बऱ्याच जणांचं भागतं.

मानेचं असेल तर मान किंवा खांद्याच्या पाठून दुखणं उतरतं आणि मुंग्यांचा एक पट्टा हातभर जातो. मानेतल्या सहाव्या नसेचा अंगठा-तर्जनीकडे, सातव्याचा मधल्या बोटाकडे, आठव्याचा करंगळीकडे. मान मागे करून त्याच बाजूला कलवली की वाढतं आणि तो हात डोक्यावर ठेवला की हलकं वाटतं. एप्रिल-मे महिन्यात झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन दिवसभर वर बघणाऱ्यांमध्ये हे बरंच दिसतं. तुम्ही लिहिलंय त्यात मानेचं काहीच नाही. पहाटे जाग येणं आणि हात झाडल्यावर थांबणं या दोन गोष्टी मनगटाकडेच बोट दाखवतात.

घरी एक चाचणी करून बघा. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना लावायच्या, बोटं खाली, मनगटं काटकोनात, असं ६० सेकंद धरायचं. त्याआधीच त्याच बोटांत मुंग्या आल्या तर थांबा आणि किती सेकंदांत आल्या ते लिहून ठेवा. नाही आल्या म्हणून कार्पल टनेल नाही असं मात्र धरू नका, ही चाचणी चुकतेही.

मग दोन्ही तळहात शेजारी ठेवून अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बघा. उजवीकडचा सपाट झालेला दिसला, शर्टाचं बटण लावताना अंगठा दगा देत असेल, कपबशी हातातून सुटत असेल किंवा बधिरपणा दिवसभर जातच नसेल, तर पट्ट्याबिट्ट्यावर महिने घालवायचे नाहीत. त्याच आठवड्यात तज्ज्ञाला दाखवा.

हे काही नसेल तर रात्रीचा मनगटाचा पट्टा वापरून बघा. यात सगळे जण एकच चूक करतात. दुकानात मिळणाऱ्या पट्ट्यातली धातूची पट्टी मागच्या बाजूला २० ते ३० अंश वाकवलेली असते. ती फ्रॅक्चरनंतर वगैरे ठीक. नसेला सर्वांत कमी दाब मनगट सरळ असताना पडतो. पट्टी खिशातून काढा, टेबलावर दाबून सरळ करा आणि परत घाला. पट्ट्याची कड तळहातावरच्या आडव्या रेषेच्या खाली राहिली पाहिजे, म्हणजे बोटं पूर्ण मिटतात. वेलक्रो इतकंच घट्ट की खाली एक बोट सहज जाईल. आपल्याकडच्या दमट हवेत कातडीला घामोळं येतं, म्हणून आत जुन्या सुती मोज्याचा पंजा कापून घाला. रोज रात्री, किमान ६ आठवडे. चार दिवसांत "काय फरक नाय" म्हणून खुंटीला लावायचा नाही. दिवसा काम करताना तो घालू नका, मनगट अडकलं की माणूस खांद्याने जोर लावतो.

कामाचंही बघा. मशीनचा दांडा बारीक असेल तर त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून जाड करा, मूठ कमी आवळावी लागते. बसायची उंची अशी की कोपर काटकोनात आणि मनगट हाताच्या रेषेत राहील. बहुतेक ठिकाणी स्टूल बुटकं असतं आणि मनगट वाकतं ते तिथेच. अर्ध्या तासाने दोन मिनिटं हात मोकळे सोडायचे. सोलणीला बदलून घेतलं तरी चिमटीचं काम राहतंच, त्यामुळे तो आराम धरू नका.

बधिर हाताला गरम पाण्याची पिशवी नको. डायबेटीसवाल्यांना भाजलेलं कळत नाही, फोड आल्यावर समजतं.

चिवल्याचो (मालवण)

वरचा सगळा बरोबर. फक्त एक सांगतंय, मानेक झटको देणाऱ्याकडे आवशीक नेव नको. मान मोडून "कट" आवाज इलो म्हणजे नस सुटली असा नसता.

ओपीडी नंबर चार (फिजिशियन, रत्नागिरी)

इंजेक्शनांबद्दल. अजून घेतली नाहीत ते बरं झालं. पहिलं इंजेक्शन टोचायच्या आधी रक्त द्या. एकदा बी१२ टोचलं की रक्तातला आकडा भरमसाट वर जातो आणि मुळात कमतरता होती की नव्हती हे पुढे कित्येक आठवडे कळत नाही. रक्त दिल्यावर त्याच संध्याकाळी इंजेक्शन घेतलंत तरी माझी हरकत नाही.

एकाच वेळी सांगायच्या तपासण्या : उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांची साखर, एचबीए१सी, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी१२, टीएसएच (थायरॉइडसाठी), क्रिएटिनिन (किडनीसाठी). सीबीसीच्या रिपोर्टमध्ये एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) नावाची ओळ असते, ती १००च्या वर असेल तर बी१२चा संशय बळावतो. मात्र ती नॉर्मल असली तरी बी१२ची कमतरता असू शकते. बी१२ साधारण २००च्या खाली म्हणजे कमी. २०० ते ३०० मधल्याला लक्षणं असतील तर नॉर्मल म्हणून सोडायचं नाही.

"आम्ही रोज मासे खातो, आम्हाला बी१२ कसं कमी पडेल?" हे इथे प्रत्येक जण विचारतो. बांगडा, तारली, तिसऱ्या यांत ते भरपूर असतं हे खरं. पण ताटात असणं वेगळं आणि आतड्यातून रक्तात शिरणं वेगळं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की हे शोषण कमी होतं, आईंची ७ वर्षं झालीत. त्यावर रोज सकाळी पॅन्टोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोलसारखी ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर आणखी कमी होतं. ती बहुतेक जण औषधात धरतच नाहीत, म्हणून मुद्दाम विचारा. श्रावण पाळल्याने मात्र काही होत नाही, यकृतातला साठा दोन-तीन वर्षं पुरतो. मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका, बी१२ भरून काढता येतं.

आणि बी१२चा रिपोर्ट नसताना नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या चालू करू नका. त्याने रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांची हानी मागे चालूच राहते. उलट टोकाची चूक म्हणजे 'नसांची गोळी' म्हणून बी६चा जास्त डोस महिनोन्महिने घेणं. बी६ जास्त झालं तर त्यानेच हातपाय बधिर होतात. पाकिटावर पायरिडॉक्सिन (म्हणजे बी६) किती मिलिग्रॅम आहे ते वाचा.

डायबेटीसचा नसांचा त्रास पायापासून सुरू होतो, दोन्हीकडे सारखा, मोज्यासारखा वर चढतो. तो गुडघ्यापर्यंत आला की साधारण त्या सुमारास बोटांची टोकं बधिर होऊ लागतात. पाय ठणठणीत आणि हाताला मुंग्या, तेही एका हाताला आधी, हे त्या साच्यात बसत नाही. पण डायबेटीस असलेल्यांना कार्पल टनेल इतरांपेक्षा जास्त होतं, आणि थायरॉइड कमी काम करत असेल तरी होतं. म्हणजे साखरेचा संबंध आहे, फक्त वेगळ्या वाटेने. पाय तरीही तपासून घ्या. तळव्याला नायलॉनचा बारीक धागा टेकवून करायची दोन मिनिटांची तपासणी असते.

मुंग्यांसाठी आलेल्या प्रत्येकाला मी आणखी तीन गोष्टी विचारतो. टीबीची औषधं चालू आहेत का? त्यातल्या आयसोनियाझिडने मुंग्या येतात, म्हणून सोबत पायरिडॉक्सिन देतात, ते चुकवलेलं असतं. टीबीची गोळी मात्र थांबवायची नाही, केंद्रावर सांगायचं. दारू किती? आणि अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे का, ज्याला कापूस लावलेला कळत नाही? हा तिसरा प्रश्न विचारला की लोक कानकोंडे होतात. पण कुष्ठरोग हे नसांचंच दुखणं आहे, आणि कोपराची अल्नर नस त्यात दोरीसारखी जाड लागते. औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतं, प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने. नसेची शक्ती जाऊन सहा महिने व्हायच्या आत आलात तर ती परत मिळायची बरीच शक्यता असते. बोटं वाकडी झाल्यावर आलात तर जंतू मरतात, बोटं सरळ होत नाहीत.

कुणाकडे जायचं : आधी फिजिशियन, वरचे रिपोर्ट आणि हाताचं रंगवलेलं चित्र घेऊन. कार्पल टनेल वाटलं तर ते नर्व्ह कंडक्शन टेस्ट (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी) सांगतील, मग ऑर्थोपेडिक. थेट मानेचा एमआरआय काढायला धावू नका. पन्नाशीच्या कुठल्याही मानेत काहीतरी झीज दिसतेच, आणि मग सगळं खापर तिच्यावर फुटतं.

खाडीकाठ

चित्र काढलं. तीन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू, करंगळी दोन्ही हातांची कोरी. मनगटं जोडून धरल्यावर उजवीकडे २५ सेकंदांत आल्या. अंगठ्याखालचा उंचवटा दोन्हीकडे सारखा वाटतो. ॲसिडिटीची गोळी ती तीन वर्षं रोज घेतेय, आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. रक्त उद्या देतोय.

आता आणखी एक. भाऊ आंब्यावर तुडतुड्याची फवारणी करतो. फवारलं त्या संध्याकाळी त्याच्या हाताला आणि गालांना टोचल्यासारख्या मुंग्या, अंघोळीचं गरम पाणी पडलं की जास्त. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जातं. त्यालाही हेच का?

कलम (बागायत, राजापूर)

नाही, ते औषधाचं. डेल्टामेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन, सायपरमेथ्रिन हा एकाच कुळाचा माल आहे. कातडीला लागला की तिथल्या नसांची टोकं चाळवतात. फवारल्यावर काही तासांत सुरू होतं, घाम, ऊन आणि गरम पाण्याने भडकतं, साधारण २४ तासांत ओसरतं. लालीही येत नाही बऱ्याचदा, म्हणून लोकांना वाटतं डोक्याचा खेळ आहे.

लागतं कुठे ते बघा. निम्मं तर पंपात औषध ओतताना आणि नोझल तुंबल्यावर तोंडाने फुंकताना किंवा उघड्या बोटांनी साफ करताना. नोझलला मऊ ब्रश ठेवा. हातमोजे नायट्राइलचे आणि वरची कड दुमडलेली. उंच कलमावर फवारताना हात वर असतो आणि ओघळ मोज्यातून थेट कोपरापर्यंत उतरतो. कापडी मोजे नकोत, ते औषध शोषून दिवसभर कातडीला चिकटवून ठेवतात. वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून फवारायचं नाही. काम झालं की आधी साबण आणि थंड पाणी, कढत पाणी त्या दिवशी नाहीच. नंतर व्हिटॅमिन ईचं क्रीम लावलं तर चुणचुण कमी होते. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका.

पण तोंडाला लाळ सुटणं, दरदरून घाम, उलटी-जुलाब, डोळ्यांची बाहुली टाचणीएवढी, छातीत घरघर असं दिसलं तर ते वेगळं विष आहे, बहुधा ऑर्गॅनोफॉस्फेट कुळातलं कीटकनाशक. डबा लेबलसकट बरोबर घेऊन हॉस्पिटल. डबा नसला तर डॉक्टरला अंदाजाने चालावं लागतं.

आणि भाऊ ग्रासकटर चालवतो का? चिरेखाणीत कापणी मशीनवर असलेल्यांनाही विचारा. थरथरीने बोटं बधिर होतात आणि थंडीत सकाळी टोकं पांढरीफटक पडतात. पांढरी पडायला लागली म्हणजे रक्तवाहिन्यांपर्यंत गेलंय. ते यंत्र सोडलं तरच थांबतं. ब्लेडचा दात तुटला किंवा दोरा एका बाजूला कमी राहिला तर थरथर फार वाढते, तेवढं तरी रोज बघावं. मूठ आवळून धरायची नाही, वजन मशीनच्या खांद्यावरच्या पट्ट्यावर येऊ द्यायचं.

कॅज्युअल्टी (स्टाफ नर्स, सिंधुदुर्ग)

काकीच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. दोन महिने येतंय-जातंय, ठरावीक बोटांत, हात झाडला की थांबतंय, हे वारं जाणं नव्हे. झटका येतो तो अचानक, एका क्षणी, आणि बहुधा शरीराच्या एका बाजूला : तोंड वाकडं, हात वर धरला की खाली घसरतो, बोलणं बोबडं किंवा भलतंच. नुसता अर्धा चेहरा आणि त्याच बाजूचा हात अचानक बधिर झाला तरी धरा. दहा मिनिटांत पूर्ण बरं वाटलं तरी त्याच दिवशी हॉस्पिटल, कारण पुढचा मोठा झटका पुष्कळदा त्यानंतरच्या दोन दिवसांत येतो.

गुठळी विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आत देतात, आणि घड्याळ सुरू होतं ते माणूस शेवटचा ठीक दिसला तिथपासून. झोपेतून उठताना कळलं तर रात्री झोपायला गेला ती वेळ सांगायची. १०८ला फोन करून "लकव्याची लक्षणं, सीटी स्कॅन आता चालू असलेल्या ठिकाणीच न्या" असं स्पष्ट बोला. आपल्याकडच्या घाटवळणांत दोन हॉस्पिटलं फिरण्यात तास जातात. पाणी, चहा, ॲस्पिरिन काही द्यायचं नाही. गिळता येत नसेल तर फुप्फुसात जातं, आणि रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिन घातक. जिभेखाली बीपीची गोळी फोडूनही नाही. साखर मात्र लगेच मोजा. तुमच्या आईंना ग्लिमेपिराइड आहे, त्याने साखर ७०च्या खाली गेली की ओठांभोवती मुंग्या, घाम, थरथर आणि बोबडं बोलणं असं सगळं झटक्यासारखंच दिसतं. शुद्धीत असून गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी परत मोजायची.

बाकी थांबायचं नाही अशा वेळा. डाव्या हाताला मुंग्या आणि छातीत दाब, जबडा दुखणं, थंड घाम. बायकांत कधी नुसती धाप आणि मळमळ असते, ईसीजी लगेच. माडावरून किंवा आंब्यावरून पडल्यावर हातांत मुंग्या असतील तर माणसाला उठवून बसवू नका, मान हलू न देता फळीवर घ्या. मानेच्या दुखण्याबरोबर चाल अडखळते, चप्पल पायातून निसटते किंवा लघवी अडते, तर मज्जारज्जू दाबला जातोय. आणि जुलाब किंवा ताप येऊन गेल्यावर एक ते तीन आठवड्यांत पायापासून मुंग्या वर चढत हातात आल्या, जिना चढवेना, तर गुलियन बारे हा नसांचा आजार. पुण्यात जानेवारी २०२५मध्ये ज्याची साथ आली तेच. यात श्वासाचे स्नायू थकतात, म्हणून व्हेंटिलेटर असलेलं हॉस्पिटलच गाठायचं.

किनाऱ्यावरचं एक खास. केंड मासा (पफर फिश) खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात ओठ, जीभ, बोटांची टोकं झिणझिणू लागली तर उलटीची वाट बघत बसू नका. त्याच्या काळजात (यकृतात), गाभोळीत आणि कातडीत जे विष असतं ते शिजवून, तळून, सुकवून जात नाही आणि त्यावर उतारा नाही. श्वास टिकवून धरणं एवढाच उपचार. तिसऱ्या-कालवं खाल्ल्यावर असंच झालं तरी तेच करा, आणि खाडीचं पाणी तांबूस दिसत असेल त्या दिवसांत ती काढूच नका.

दोन्ही हात आणि ओठ एकदम, बोटं आखडून येतात, छाती भरून येते, श्वास भरभर चाललाय, असं तरुण मुलींत धास्तीने पुष्कळदा होतं. प्लास्टिकची पिशवी तोंडाला लावू नका. श्वास हळू सोडायला सांगा. पण पहिल्यांदाच होत असेल तर कॅल्शियम तपासून घ्या, थायरॉइडचं ऑपरेशन झालेलं असेल तर त्याच दिवशी.

खाडीकाठ

आई म्हणते पट्टा बांधते, पण ऑपरेशन म्हणाल तर हंगाम सोडून. करावंच लागतं का?

मनगट

सगळ्यांना नाही. पट्ट्याने ६ आठवड्यांत जाग येणं निम्म्यावर आलं तर चालू ठेवा. नाही आलं तर मनगटात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन देतात. डायबेटीस असल्याने त्यानंतर चार-पाच दिवस साखर चढते, रोज मोजायची आणि साखरेच्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवायचं. ऑपरेशन जागा बधिर करून होतं, बहुधा त्याच दिवशी घरी पाठवतात. रात्रीच्या मुंग्या लवकर थांबतात, जुना बधिरपणा महिन्यांनी जातो, मशीनवर जोर लावायला चार ते सहा आठवडे नको. टाके भिजता कामा नयेत, म्हणून जुलैतल्या पावसात भात लावणीच्या आदल्या आठवड्यात तारीख घेऊ नका. दोन्ही हातांचं एकदम तर नकोच, वेणीसुद्धा घालता येत नाही.

हंगामासाठी थांबलं तर चालेल, फक्त दर रविवारी तो अंगठ्याखालचा उंचवटा डाव्या-उजव्याशी ताडून बघा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सपाट व्हायला लागला तर हंगाम अर्धा टाकून या.